गुरुवारचा वीकेंड

शनिवार-रविवार पुण्या-मुंबईकरांचे. आंबीच्या एमआयडीसीत ज्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी पडते, त्यांचा वीकेंड आठवड्याच्या मधोमध. विजेचा भार विभागायला कुणीतरी औद्योगिक पट्ट्यांना वार वाटून दिले, त्यात पुणे-पिंपरीच्या वाट्याला दत्ताचा वार आला. देव जागृत असल्याने सुट्टीही कडक.

मित्रांना मटणाचा बेत सुचवावा, तर निम्मे म्हणतात, ‘आज गुरुवार ना रे!’ उरलेल्यांना उपास. मग चौघांत एक साबुदाणा वडा आणि कटिंग. केस कापून घ्यावेत तर आई दारात आडवी. घरी पंख्याखाली लोळावं, तर दुरुस्तीसाठी वीज बंद. पुण्यातल्या मावशीकडे जावं, तर तिथं नेमकं त्याच दिवशी पाणी बंद. सिनेमा? तो शुक्रवारी लागतो. म्हणजे आमच्यापर्यंत येतो तेव्हा शेवट सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगून झालेला असतो.

एक मात्र सुख आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवारीही सुट्टी असते, म्हणून शहरातल्या बाबूंना तहसीलच्या कामासाठी रजा टाकावी लागते. आम्ही मात्र ऐन वीकेंडला वडगावच्या तहसीलमध्ये निवांत रांगेत उभे असतो. साहेब जेवायला गेलेले असतात, ती गोष्ट वेगळी.

आणि रविवारी? सेकंड शिफ्टला निघावं, तर लोणावळ्याहून चिक्की घेऊन परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. काच खाली करून एक ताई विचारतात, ‘इथं बघण्यासारखं काय आहे हो?’

‘टाइम ऑफिस,’ मी म्हणतो.