पाण्यावरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमच्या लेकीचं पाण्यावर. इंग्लंडात ग्रँड युनियन कालव्यावर ती आणि जावईबापू नॅरोबोटीत राहतात. सुट्टीची हौस नव्हे, बारा महिने तेरा काळ. ‘मुलगी कुठे असते हो हल्ली?’ असं सोसायटीत कुणी विचारलं की मी आधी तारीख बघतो आणि मग गावाचं नाव सांगतो.

याला कारण तिथला कायदा. ज्या होडीला हक्काचा धक्का नाही, तिनं एका जागी सलग चौदा दिवसांहून जास्त मुक्काम करायचा नाही, असं १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज कायदा सांगतो. राहा, पण हलत राहा. आमच्या हिला हा नियम फार पटला. ‘पंधरवडा पाळतात म्हणजे माणसं चांगली आहेत,’ असं म्हणून हिनं पंचांग काढलं आणि अवसेला दोर सोडायचा नाही, अशी ताकीद व्हॉट्सअॅपवर धाडली.

जुन्या अरुंद कालव्यांवरचे लॉक, म्हणजे होडीला पाण्याची पायरी चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद, सात फूट रुंद, म्हणून नॅरोबोट सहा फूट दहा इंच. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. थोडक्यात, खोल्या काढून घेतलेल्या चाळीची नुसती गॅलरी. आत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं पलंगावर चढायचं, नाहीतर दुसऱ्यानं उलट चालत जायचं. लेकीचं आणि जावईबापूंचं भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. रुसून जायला दुसरी खोली लागते.

वेगमर्यादा ताशी चार मैल. काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई आपल्याला मागे टाकतात, वर हातही हलवतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

नोकरीही पाटबंधारे खात्यातली. आमच्या कालव्याला आवर्तन सुटलं की पेपरात बातमी येई, आणि टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचल्याची बातमी आली तर ती खोटी असल्याचा संशय येई. तिथे एक होडी एक पायरी चढावी म्हणून लॉकमधून लाखांनी लिटर पाणी खाली सोडतात. आमच्याकडे एवढ्यावर टेलच्या शेतकऱ्यांनी कार्यालयाला टाळं ठोकलं असतं. वॉरिकजवळ हॅटनला असे २१ लॉक ओळीनं आहेत. मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तिथे जावईबापू सुकाणूपाशी उभे राहून अदबीनं म्हणाले, ‘बाबा, जरा दार लोटता का?’ ते दार टनावारी वजनाचं. त्याच्या तुळईला पार्श्वभाग टेकवून, पाय रोवून रेटायचं असतं. एकविसाव्या लॉकपर्यंत माझं सासरेपण पार धुऊन निघालं.

खरी परीक्षा संडासाची. जो प्रश्न आपण फ्लशचं बटण दाबून महापालिकेवर सोपवतो, तो तिथे कॅसेट नावाच्या सुमारे वीस लिटरच्या पेटीत साठतो आणि स्वहस्ते नेऊन ठरलेल्या जागी रिकामा करावा लागतो. ‘बाबा, किती दिवस राहणार?’ या प्रश्नातली काळजी मला ती पेटी उचलल्यावर समजली. विजेचंही तसंच. हिवाळ्यात सूर्य नावापुरता, म्हणून बॅटरीसाठी इंजिन लावायचं. पण काठाला बांधलेल्या होडीचं इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवायची मनाई. त्यामुळे खोबऱ्याची चटणी वाटायची ती आठच्या आत.

हे जगणं नवं नाही. रेल्वेनं कालव्यांचा धंदा खाल्ला तेव्हा घरभाडं आणि मजुरी वाचवायला नावाड्यांनी बायकामुलं होडीवर आणली. मागच्या दहा फुटी खोलीत अख्खं कुटुंब. शेवटी एका होडीत किती जणांनी राहावं, यासाठी १८७७ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. ती गरज होती. तिची हौस झाली ती एल. टी. सी. रोल्ट या इंजिनिअरामुळे. १९३९ मध्ये तो नव्या नवरीला, अँजेलाला, घेऊन ‘क्रेसी’ नावाच्या होडीवर राहायला गेला. त्यावरचं त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आलं आणि मोडकळीला आलेले कालवे वाचवायची चळवळ उभी राहिली. १९५१ मध्ये रोल्टनं होडी सोडायचं ठरवलं. बाईंना मात्र एका जागी बसणं कबूल नव्हतं. त्यांनी नवऱ्याला सोडलं आणि त्या बिली स्मार्टच्या सर्कशीत गेल्या. फ्लॅटच्या जाहिराती बघू लागलेल्या जावईबापूंना ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवली आहे.

आपल्या घरातलं पाणी गेलं की आपण सोसायटीच्या सेक्रेटरीला बोल लावतो. होडीत पाण्याचा, कोळशाचा, विजेचा आणि त्या कॅसेटचा सेक्रेटरी आपणच, आणि सभासदही आपणच. तेव्हा संसाराच्या कटकटीतून सुटायला कुणी होडी घेणार असेल, तर घेऊ नये. संसार मन लावून करायचा असेल, तर जरूर घ्यावी. फक्त पैसे देण्याआधी ती कॅसेट भरलेली असताना एकदा उचलून पाहावी.