आळंदवाली काकू

मुरुमातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत उभं राहून "आळंदवाली काकूऽ" अशी हाक मारा, एक सोडून दोन दारं उघडतील. पुण्याचा पाहुणा असला तर लगेच हात जोडतो, "वा, माउलींच्या गावच्या!" इथं काकू पहिल्यांदा खवळतात. "आळंदी न्हवं ओ, आळंद! गुलबर्ग्याकडलं." गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं हे त्यांना ठाऊक आहे, पण माहेरच्या जिल्ह्याचं नाव सरकारनं बदललं म्हणून आपण कशाला बदलायचं?

तसं बघितलं तर काकू परमुलखातून आल्याच नाहीत. निजामाच्या राज्यात मुरुमाचा उस्मानाबाद जिल्हा गुलबर्गा सुभ्यातच मोडायचा. 1 नोव्हेंबर 1956ला वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा म्हैसूरात. वाटणी करणाऱ्यांनी नकाशे पाहिले, सोयरिकी कोण बघतो? त्यामुळं मुली देणं-घेणं चालूच राहिलं, फक्त वऱ्हाडाला मधे राज्याची हद्द ओलांडावी लागू लागली.

मुरुमात कानडी कुणाला नवी नाही. बाजारात निम्मा सौदा कानडीत होतो. पण काकूंचं नशीब असं, की सासूबाई बार्शीकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चहा घेतीस का गं?" नवी नवरी लाजून म्हणाली, "हौद." म्हणजे हो. सासूबाईंनी आधी पोरीकडं बघितलं, मग परसातल्या हौदाकडं. पुढं चहात साखर पडायला लागली तेव्हा नवरी घाबरून "साकु, साकु" म्हणू लागली. म्हणजे पुरे, पुरे. सासूबाईंना 'साखर' ऐकू आलं. त्यांनी आणखी दोन चमचे घातली. तो चहा काकूंनी संपवला. संसार टिकला तो तिथंच, असं माझं मत आहे.

मग खाण्यावरून जुंपली. काकूंनी माहेरची कडक भाकरी काढली, सासूबाईंनी ती शिळी समजून गाईला घातली. काकू ज्या भाजीला पुंडी म्हणायच्या तिला सासूबाई अंबाडी म्हणायच्या, आणि 'तुमच्यात कशी करतात' यावर दोघी तासभर भांडल्यावर कळलं की पातेल्यात एकच भाजी आहे. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली की मात्र तह व्हायचा. त्या दिवशी मुरुम रिकामं, आळंदही रिकामं. सगळी माणसं शेतात, कडब्याच्या कोपीभोवती, भज्जी आणि आंबिलावर तुटून पडलेली. काकूंना सासरी आल्यासारखं वाटायचं नाही. सण मूळचा कुणाचा, हे विचारायचं धाडस त्या एका दिवशी कुणी करत नसे.

चाळीस वर्षांत काकू अशा मुरल्या, की पुण्याहून आलेल्या स्वतःच्या सुनेनं "भाकरी थोडी मऊ करू का?" म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्या मुरुमात असलं चालत न्हाई." आमच्या मुरुमात! सासूबाई भिंतीवरच्या फोटोतून हे ऐकत होत्या.

आता मुलगा बेंगळुरूला कंपनीत. नातवाला शाळेत कानडी आहे, सुनेला त्यातलं एक अक्षर येईना. म्हणून काकूंना खास बोलावणं गेलं. आयुष्यभर ज्या बोलीवरून जावा हसल्या, तिच्यासाठी मुलानं विमानाचं तिकीट काढलं! काकू शेंगाचटणी आणि चाळीस कडक भाकऱ्या घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी नातू शाळेतून रडवेला परतला. आजीनं शिकवलेलं एक वाक्य त्यानं बोलून दाखवलं, तर पोरं म्हणाली, हे कुठलं कानडी? संध्याकाळी काकू स्वतः भाजी घ्यायला उतरल्या. अस्सल आळंदी... चुकलं, आळंदच्या कानडीत भाव केला. भाजीवाल्यानं ऐकून घेतलं आणि अदबीनं हिंदीत उत्तर दिलं.

मी फोन केला, "काकू, काय करूलालाव?"

"काय करू बाबा? सुनेला मराठी शिकवूलाले. पुण्याची हाय, बोलायला येत न्हाई नीट."

"येळवशीला येताव न्हवं?"

"हौद," काकू म्हणाल्या, "आणि आंबिलात साखर घालू नका म्हणावं."