इंजिन एकदम टकाटक!

ओम्नीवाले काका दर दोन-तीन सोसायट्यांमागे एक तरी असतात. त्यांना ‘गाडी किती साली घेतली?’ असं विचारू नये. ‘इंजिन कितवं?’ असं विचारावं, म्हणजे रविवारची सकाळ मार्गी लागते.

मारुतीने व्हॅन आणली १९८४ साली आणि ओम्नी बंद केली २०१९ साली. काकांच्या मते घाई झाली.

त्यांच्या गाडीचं मूळ इंजिन निळा धूर ओकत केव्हाच गेलं. मग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ‘फक्त डॉक्टरांनी वापरलेल्या’ मारुती ८०० चं इंजिन आलं. (भंगारातलं प्रत्येक इंजिन डॉक्टरांचंच असतं; बाकीचा महाराष्ट्र बहुधा एसटीने फिरतो.) सीसी तेच ७९६, सिलिंडर तेच तीन. फरक एवढाच, की ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि ओम्नीत उभं. मिस्त्रीने जुन्याचं काही काढलं, नव्याला चढवलं आणि उरलेले दोन बोल्ट खिशात टाकले.

तेव्हापासून गाडी इंजिनामुळे कधीही बंद पडलेली नाही. खंबाटकीत वाफ निघाली, तो होज. सेल्फ लागेना, ते वायरिंग. खडखड आली, ते माउंटिंगचं रबर. ‘इंजिनाला अजून पाना लावलेला नाही!’ आणि काका खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत. बदललेलं इंजिन बरेचदा स्वतःच्या दुखण्याने जात नाही. होजची क्लिप सुटते, पाणी उतरतं, हेड गॅस्केट उडतं. मग बिचाऱ्या इंजिनाचं नाव खराब.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. त्यामुळे गाडी तापल्याचं काट्याआधी काकूंना कळतं.

“अहो, बसवत नाही आता.”

“थर्मोस्टॅट उघडतोय. दम धर जरा.”

काकू दम धरत नाहीत. पाण्याचा कॅन घेऊन उतरतात.

एका विषयावर मात्र काका गप्प होतात. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंद करावी लागते. “सीटखालचा नंबर बघतो कोण?” असं ते म्हणत असत. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला साहेबांनी सीट उचलायला लावली.

काकांनी गाडी विकायला काढलीच, तर जरूर बघा. इंजिन खरंच चांगलं आहे. फक्त ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून घ्या आणि होज-क्लिपा पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या टाका.