पिकअपमामा

मामांच्या गाडीत पुढं बसायचं असेल तर आधी मानेची काळजी घ्यावी लागते. गाडी वेगात जाते म्हणून नव्हे. कलघटगीच्या बाजारातून मामा ताशी ३०च्या वर कधी गेलेले नाहीत आणि हुबळी-कारवार रस्ता मोकळा मिळाला तरी ६० म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटते. पण शून्यापासून २०पर्यंत जाताना ते गाडीला असा हिसका देतात की मागं बसलेल्या मामींच्या मांडीवरचा डबा उलटतो.

"बघितलास पिकअप?"

"बघितला, मामा."

"कुठं बघितलास? खिडकीतनं बाहेर बघत होतास. थांब, परत दाखवतो."

आणि गाडी थांबवून ते खरंच परत दाखवतात. मामी काही बोलत नाहीत. डब्याला फडकं बांधायला त्या पहिल्या वर्षीच शिकल्या आहेत.

गावात त्यांचं नावच पिकअपमामा पडलंय. त्यांना तो किताब वाटतो. गाडी किती पळते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मायलेज विचारणाऱ्याला ते भाजीचा भाव विचारणाऱ्याच्या रांगेत बसवतात. त्यांचा प्रश्न एकच: पाय ठेवल्यावर गाडी ओ किती वेळात देते? "हाक मारली की ओ आली पाहिजे बघ. आत्ता हाक आणि मग ओ, असं असेल तर ते घरचं माणूस, गाडी नव्हे." हे शेवटचं वाक्य मामी स्वयंपाकघरात असतील तेव्हाच म्हटलं जातं आणि थोडं मोठ्यानं म्हटलं जातं.

याची सुरुवात झाली यामाहा आरएक्स १०० पासून. १९८५ साली भारतात आलेली ती ९८ सीसीची, ११ अश्वशक्तीची गाडी. मूठ जराशी पिळली की पुढचं चाक उचलू बघायची. मामा अजूनही तिच्याबद्दल पहिल्या बायकोसारखं बोलतात, दुसरी समोर बसलेली असताना. त्या गाडीचा कार्ब्युरेटर त्यांनी इतक्या वेळा उघडला की त्यातले जेट त्यांना बोटांच्या टोकांनी ओळखता यायचे. सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकल्यावर आवाज असा व्हायचा, की मामा तंबूरच्या तळ्यावरून निघाले की मामी इथं चहाचं आधण ठेवायच्या, असं त्या सांगतात. मामांना ती पत्नीची माया वाटते.

मग मारुती ८०० आली. तिच्यात ॲक्सिलेटरपासून इंजिनापर्यंत साधी केबल. केबल सैल पडली की पाय दाबल्यावर आधी नुसतीच ढिलाई गोळा व्हायची, मग गाडी हलायची. मामा दर रविवारी पाना घेऊन ती ढिलाई काढायचे. एका रविवारी जरा जास्तच काढली. लग्नाच्या वरातीमागं उभी असलेली गाडी पाय न लावता आपणहून गरजायला लागली. घोडा बिथरला, नवरदेव उतरून चालत गेला. मामा खिडकीतून मान बाहेर काढून वऱ्हाड्यांना सांगत होते, "बघितलात? हात लावला नाही, पाय लावला नाही!"

सध्याची गाडी म्हणजे पुण्याहून जुनी आणलेली पोलो जीटी. २०१३ साली निघालेलं मॉडेल, १२०० सीसीचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, गिअर आपले आपण बदलणारे. मामा तिला 'स्पोर्ट कार' म्हणतात. "चाकणला झालेली आहे, म्हणजे मराठी कळतं तिला." पहिल्याच रविवारी त्यांनी बॉनेट उघडलं, पाना काढला, आणि तासाभरानं ओट्यावर येऊन बसले. चेहरा पडलेला. "केबलच नाही रे."

आता पायाखाली नुसता सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो विजेच्या सांकेतिक भाषेत कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर विचार करतो, आणि मग एक छोटी मोटर इंजिनाकडं जाणाऱ्या हवेचा पडदा उघडते. मी हे समजावून सांगत होतो आणि मामांच्या डोळ्यांत हळूहळू ओळख उमटत गेली. ३१ वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस तो.

"म्हणजे पाय आणि इंजिन यांच्यामध्ये कारकून बसवलाय म्हण की."

"तसंच."

"मी अर्ज करायचा, तो आवक करून घेणार, धूर किती, पेट्रोल किती याची चौकशी करणार, आणि मग मंजुरी."

"हो."

"मग एजंट पण असेल की!"

होता. पेडल बॉक्स नावाची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. पेडलच्या प्लगमध्ये आणि गाडीच्या वायरीमध्ये ती लावायची. तुम्ही २० टक्के पाय दाबलात की ती आत ४० टक्के कळवते. कचेरीच्या दारातला एजंट अर्जावर 'अतितातडीचे' असा शिक्का मारून देतो ना, तसं. इंजिनाची ताकद त्यानं रतीभर वाढत नाही. पाय पूर्ण दाबलात तर डबी असली काय, नसली काय, गाडी तेवढीच पळते. शंभराचे एकशेदहा कुठला एजंट करणार? आणि टर्बोला हवा भरून यायला जो क्षण लागतो तो लागतोच. हे सगळं मी मामांना सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि डबी मागवली.

पाठोपाठ धुऊन परत वापरता येणारा कापडी एअर फिल्टर आला. त्यानं इंजिनाचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला, आणि आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखा वाटतोच. मग सायलेन्सर. हुबळीला सर्व्हिसिंगला जायच्या आदल्या रात्री मात्र मामा डबी काढून धारवाडी पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये लपवतात. एकदा पाहुण्यांपुढं मामींनी तोच बॉक्स उघडून धरला. पाहुणे शिष्टाचारानं म्हणाले, "नको, साखर आहे मला."

मामींनी पेपरात वाचलं होतं, की जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल कडक निकाल दिला, आणि मोटार वाहन कायद्यातल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमाबाहेरच्या दर बदलामागं ५ हजार रुपये दंड ठेवला. त्यांनी कात्रण कापून किराणा मालाच्या वहीत चिकटवलं आहे. खाली हिशोब: तीन बदल, १५ हजार. त्याखाली, बांगड्या, प्रश्नचिन्ह.

गंमत अशी, की या माणसाचा स्वतःचा पिकअप काही विचारू नका. सकाळी "मामा, जेवायला थांबू का?" असं विचारावं, तर ते सुपारी या गालातून त्या गालात नेतात, छताकडं बघतात. आपण जेवून, हात धुऊन चपला घालताना आतून उत्तर येतं, "थांब की." मामींनी फॅन बंद करायला सांगितला, तर तो बंद होईपर्यंत लाईटच गेलेली असते.

गेल्या श्रावणात लेकीची पहिली खेप. हुबळीच्या दवाखान्यातून नातीला घरी आणायचं होतं. तीसेक किलोमीटरचा रस्ता. मी पुढं बसून सवयीनं मान आवळली. मामांनी वाकून पेडलखालच्या डबीचं बटण तीन-चारदा दाबलं. तिला मवाळ करायचीही सोय असते, ४० टक्के दाबलं तर २०च सांगायची. ती सोय त्यांनी आजवर कधी वापरली नव्हती. गाडी निघाली ते कळलंच नाही. लाल बस पुढं गेली, ट्रॅक्टर पुढं गेला, एक सायकलवाला मागं वळून बघत पुढं गेला. मामांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"याच्यासाठीच घेतली होती ही डबी," घराच्या दारात ते म्हणाले. मामींनी आकाशाकडं बघितलं.

माडीवरून पाळणा खाली आला. कलघटगीचा सागवानी पाळणा, लाखेच्या रंगांतली कृष्णाची चित्रं, चार पिढ्या त्यात झोपून उठलेल्या. रात्री पोरीनं नुसतं कुरकुर केलं, आणि हाकेला तासाभरानं ओ देणारा हा माणूस आमच्या कुणाच्याही आधी उठून बसला होता. आरामखुर्ची ओढून त्यांनी पाळण्याची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधली. त्याच पायाच्या. पाळणा हलला, पोर निजली. मामा मात्र दोरीकडं टक लावून बघत होते.

बऱ्याच वेळानं मला हळूच म्हणाले, "लॅग आहे रे. पाय इथं हलतो, पाळणा तिथं जरा उशिरा निघतो. दोरी ताणतेय. आणि वर कडीत घासतंय. तिथं बेअरिंग बसवलं तर?"

अंधारातून मामींचा आवाज लगेच आला, क्षणाचाही लॅग न लावता.

"पाळण्याला हात लावून बघा नुसता."