अहवालोत्तर गृहस्थ

पुणे, ठाणे, डोंबिवली अशा शहरांतील मध्यमवर्गात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांचा जो एक प्रकार अलीकडे ठळकपणे दिसू लागला आहे, त्यास सोयीसाठी ‘अहवालोत्तर गृहस्थ’ असे म्हणावे लागेल. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व तत्सम मेदांची तपासणी, हिच्या अहवालात एखादा आकडा जाड ठशात छापून आला, की हा गृहस्थ रविवारी सकाळी ओट्याशी उभा राहतो आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या कांदेपोह्यांना ‘नुसते कार्ब्स’, म्हणजे केवळ पिष्टमय पदार्थ, ठरवून तडकाफडकी बडतर्फ करतो.

त्यांच्या जागी भाज्या घातलेले ऑम्लेट नेमले जाते. अशा अनेक घरांत अंड्याचा तवा वेगळा असून तो सर्वांत खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असतो. श्रावणात तो बाहेर निघत नाही, आणि आरोग्याची ही क्रांती मार्गशीर्षातील गुरुवार वगळूनच पार पडते. तीन रंगांची ढोबळी मिरची, ब्रोकोली व पालक ही सामग्री गृहस्थ आदल्या संध्याकाळी स्वतः आणतो (भाव न करता, हे भाजीवाल्याच्या मुद्रेवरून कळते). मिरचीचे समान चौकोन कापण्यात पाऊण तास जातो आणि त्या अवधीत ‘अगं, हळद कुठंय?’ या प्रश्नास ‘तुमच्या समोर’ हे उत्तर किमान दोनदा मिळते.

खरी परीक्षा पालकाची असते. पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते व मीठ लागताच ते सुटू लागते. म्हणून तो आधी परतून, पाणी आटवून मगच अंड्यात घालावा, हे घरातील गृहिणीस ठाऊक असते, परंतु गृहस्थ तिला फक्त वस्तूंचे ठावठिकाणे विचारतो, कृती नाही. परिणामी ऑम्लेट उलटताना त्याचे तीन तुकडे होतात, हिरवट पाणी तव्याच्या कडेला जमते, आणि गृहस्थ कालथ्याने सारे ढवळून आपण मुळात भुर्जीच करीत होतो असे जाहीर करतो.

आता राहिला पिवळ्या बलकाचा प्रश्न. एका बलकात सुमारे 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, एवढी माहिती गृहस्थास पाठ असते. मात्र बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, ते वाढण्यास लोणी-तुपातील संपृक्त मेद अधिक कारणीभूत ठरतात, आणि अमेरिकी आहार-मार्गदर्शिकेने रोजच्या 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 च्या आवृत्तीतून वगळली, ही वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. जीवनसत्त्व ड बलकातच असते, हे कन्येने सांगितले तर तो तिला रक्ताचा अहवाल दाखवतो. तेव्हा चार अंड्यांचे पांढरे तेवढे तव्यात जाते व चार बलक वाटीत शिल्लक राहतात.

अन्न टाकून देणे या पिढीच्या रक्तातच नसते, आणि ही बाब कोणत्याही तपासणीत येत नाही. म्हणून ओटा पुसणे गृहिणीवर सोपवून गृहस्थ तोच तवा पुन्हा चढवतो, कांदा-मिरची परतून वाटीतले बलक त्यात ओततो, ते कोरडे वाटले म्हणून वर लोण्याचा खडा सोडतो आणि दोन पावांबरोबर, केवळ वाया जाऊ नये म्हणून, उभ्या उभ्याच संपवतो.