नाण्यांचे सोवळेओवळे : एक अल्प मीमांसा

जगातील समस्त नाण्यांचे दोनच वर्ग पडतात : बाजार हिंडून आलेली आणि बाजाराचे तोंडही न पाहिलेली. पहिल्यांना आपण पैसे म्हणतो. दुसऱ्यांतल्या खास घडवलेल्यांना संग्राहक ‘प्रूफ’ म्हणतात. चकती आधी चमकवायची, ठसाही आरशासारखा लखलखीत करायचा आणि एकाहून अधिक दाब देऊन नक्षी उठवायची. असे नाणे मेथीची जुडी आणायला निघत नाही. ते नजराण्यात जाते, नाहीतर मखमली डबीत.

पूर्वपक्ष असा, की ज्याने जन्मात काही विकत घेतले नाही ते नाणे कसले? याच्या खंडनार्थ अमेरिकेचा १८०४ चा चांदीचा डॉलर पुढे करावा. हा १८०४ मध्ये पाडलेलाच नाही! त्या साली टाकसाळीने जुन्या सालाच्या ठशांवरच भागवले. पुढे १८३४ मध्ये मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना नाण्यांचे संच धाडायचे ठरले, तेव्हा मागची तारीख घालून तो पाडला. ते घेऊन निघालेले अमेरिकेचे वकील म्हणजे एडमंड रॉबर्ट्स. १८३५ मध्ये सुलतानाचा नजराणा पोचता करून त्यांचे ‘पीकॉक’ जहाज दुरुस्तीसाठी मुंबईला आले. सयामचा संच अजून पोचायचा होता. त्याच वर्षी कंपनी सरकारने १८० ग्रेनचा एकछाप रुपया काढला आणि तो बिचारा लगेच कामाला जुंपला गेला. सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला विकला गेला. न राबण्याचा एवढा मोबदला सरकारी नोकरीतही नाही.

आपल्याकडे असला डॉलर मिळणे दुरापास्त, म्हणून नमुन्यादाखल निजामी हाली रुपया घेतला. सात हालींना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा याचा भाव असे. याच्यावरच्या चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असते : निजाम महबूब अलींच्या वेळी ‘मीम’, उस्मान अलींच्या वेळी ‘ऐन’. सुरुवातीच्या काही नाण्यांवर हा ऐन अपुरा आहे, आणि संग्राहक पुऱ्या ऐनापेक्षा अपुऱ्याला जास्त भाव देतात. भिंग लावून कमानीत डोकावणारा गृहस्थ दिसला, तर तो हेच शोधतो आहे असे खुशाल समजावे.

असा अपुऱ्या ऐनाचा रुपया ज्या घरात आहे, तिथे खरा पेच लक्ष्मीपूजनाला पडतो. आजींच्या सोवळ्यात नाणे दंतमंजनाने खसखसून घासल्याखेरीज देवापुढे बसत नाही. नातवाच्या सोवळ्यात ते घासले की बाटले. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली निळीकाळी झाक म्हणजे ‘टोनिंग’, ती पूज्य. घासल्यावर उमटणारे केसाएवढे ओरखडे हे महापातक, त्याने भाव कोसळतो. दोन्ही पक्ष शुद्धतेचेच, त्यामुळे वाद मिटण्याची आशा नाही.

अखेर तह झाला. पंचामृत सराफाकडच्या नव्या लक्ष्मीछाप नाण्याला. अपुरा ऐन कोरडाच चौरंगावर. आजींनी त्यावर हळदकुंकू मात्र वाहिले. हळदीचा डाग टोनिंगमध्ये धरावा की नाही, यावर त्या घरात अजून दोन मते आहेत.