निखारा : ओला की सुका?

थंडी पडली की आमच्या सोसायटीच्या गच्चीसाठी अर्ज येऊ लागतात. कुणाला हुरडा, कुणाला पोपटी, तरुण मंडळींना बार्बेक्यू. यंदा कमिटीने म्हटलं, आगीचा मामला आहे, नियमावली हवीच.

सभा अडीच तास चालली. त्यातले दोन तास शेगडीवर चिकन चालेल की नुसतं पनीर, यावर गेले. चिकनचा धूर खालच्या मजल्यांवर उतरतो, पनीरचा वर जातो, असं एका सभासदांनी सांगितलं. ते विज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, त्यामुळे हरकत कोण घेणार? शेवटी तोडगा निघाला: दोन शेगड्या, दोन चिमटे आणि मध्ये दहा फूट अंतर. शेगडी आणि मंडपाचं कापड यांत किती अंतर असावं, हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.

मग निघाला उरलेल्या निखाऱ्यांचा प्रश्न. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत धग धरतो. गेल्या वर्षी तो प्लास्टिकच्या डब्यात टाकला आणि सकाळी डबाच बसका झाला. तेव्हा निखारा ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या? बराच खल होऊन ठराव झाला: विझवला तर ओला, नाही विझवला तर सुका. 'विझवायला पाणी कुठनं आणू? गच्चीचा नळ बंद आहे,' असं वॉचमन मध्येच म्हणाला. त्याला सभेत बोलण्याचा अधिकार नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

एका बाईंनी कमला मिलची आठवण काढली. डिसेंबर २०१७, गच्चीवरचा पब, १४ मृत्यू. चौकशीत बोट हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे वळलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, 'ती कमर्शियल प्रॉपर्टी होती.' मुद्दा निकालात.

आमची तयारी नाही असं कुणी म्हणू नये. २००६ च्या राज्याच्या कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. आमचा वेळेवर येतो, ऑफिसात फ्रेम करून लावलाय. यंत्रणेचं म्हणाल तर जिन्यातल्या लाल पेटीत पाइपाच्या जागी झाडू आणि फिनेल असतं. लाल सिलिंडर क्लब हाऊसचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला. त्याचा काटा हिरव्यातून सरकून लाल पट्ट्यात गेलाय. आगीचा रंग लालच, असं खजिनदारांचं समाधान. आठव्या मजल्यावरच्या रेफ्युज एरियात सध्या गणपतीच्या मखराने आसरा घेतलाय.

नियमावलीचं शेवटचं कलम मात्र एकमताने मंजूर झालं. पाहुण्यांनी खालच्या मजल्यांवर भटकू नये म्हणून पार्टी सुरू झाली की गच्चीच्या दाराला जिन्याच्या बाजूने कुलूप लागेल. किल्ली सेक्रेटरींकडे. ते एकतीस तारखेला अलिबागला असतील. तातडीचं काही असल्यास त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करावं. रात्री फोन केलेला त्यांना चालत नाही.